ज्याच्यावर लिहिलं, तोच जास्त हसला

प्रश्न : लालबागला आमची जुनी चाळ होती. पुनर्विकास झाला. रस्त्याच्या बाजूला विक्रीचा टॉवर, मागे आम्हा जुन्या भाडेकरूंची इमारत. गेट वेगळं, आणि टॉवरच्या पोडियमवर जी बाग आहे तिथे आमच्या मुलांना सोडत नाहीत. यंदा गणपतीत मी यावर प्रहसन लिहिलं. ढेरपोट्या शेटजी, एसीत झोपणारा त्याचा कुत्रा आणि इंग्रजी बोलायला जाऊन फजिती करून घेणारी मोलकरीण. लोक पोट धरून हसले. टॉवरच्या कमिटीतले एक पदाधिकारी पहिल्या रांगेत होते, ते सगळ्यांत जास्त हसले आणि माझी पाठ थोपटून गेले. बाग अजून बंदच आहे. माझी बहीण बी.ए.ला आहे. ती म्हणाली, स्विफ्टचा तो मुलं खाण्याचा निबंध वाच. त्यातलं मी आईला सांगितलं तर ती भडकलीच. ‘गरिबाच्या पोरांवर असलं अभद्र कुणी लिहितं का?’ उपहासानं खरंच कुणाचं मत बदलतं, की ती नुसती करमणूक?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : तुमच्या पत्रात मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं ते त्या पदाधिकाऱ्यांचं हसणं. ते मोकळेपणानं हसू शकले, कारण तो शेटजी म्हणजे आपण नव्हे हे त्यांना बसल्या जागी दिसत होतं. त्यांना ढेरी नाही, कुत्रा नाही, ते कुणावर खेकसत नाहीत. बागेला कुलूप ज्या विचारानं लागलं, तो विचार तुमच्या स्टेजवर आलाच नाही.

तो विचार फार सभ्य असतो. ‘मेंटेनन्स आम्ही भरतो. मागच्या लोकांना एवढा परवडणार नाही, त्यांच्यावर बोजा कशाला? म्हणून सगळ्यांच्याच सोयीसाठी वेगळं ठेवलंय.’ आवाज चढलेला नाही, शिवीगाळ नाही, आकडे तयार आहेत. उपहास लिहायचा तर हा आवाज हुबेहूब पकडावा लागतो.

तुमच्या बहिणीनं सुचवलेला निबंध याच कारणासाठी वाचा. जोनाथन स्विफ्ट हा लेखक डब्लिनच्या सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रलचा डीन, म्हणजे मुख्य धर्मगुरू होता. त्या काळी आयर्लंडमधले कितीतरी जमीनदार इंग्लंडमध्ये राहायचे, खंड तिकडे जायचा आणि इकडे पिकं बुडाली की कुळं रस्त्यावर यायची. १७२९ साली त्यानं हा निबंध, ‘अ मॉडेस्ट प्रपोझल’, निनावी छापला. त्यात बोलणारा माणूस कनवाळू आहे. सुरुवातीलाच तो रस्त्यावर भीक मागणाऱ्या बायकांबद्दल, त्यांच्यामागच्या फाटक्या कपड्यांतल्या तीन-चार-सहा मुलांबद्दल हळहळतो. वाचणारा लगेच त्याच्या बाजूचा होतो. मग हिशोब सुरू होतो.

मी परळच्या एका रात्रशाळेत शिकवत असे. दिवसभर कॅन्टीनमध्ये, कुरिअरवर, झेरॉक्सच्या दुकानात काम करून मुलं वर्गात यायची. एकदा हा निबंध मी त्यांना मराठीत सांगायला घेतला, पुढे काय येतं ते न सांगता. किराणा दुकानात उधारीची वही सांभाळणारा एक मुलगा होता, त्याला फळ्यापाशी बोलावलं. मूल होऊ शकेल अशी जोडपी २,००,०००. त्यांतली मुलं पोसायची ऐपत असलेली ३०,०००, ती वजा कर. राहिली १,७०,०००. गर्भपात आणि वर्षाच्या आत दगावणारी मुलं ५०,०००, तीही वजा कर. म्हणजे गरिबाघरी दरवर्षी १,२०,००० मुलं. एका मुलाला वर्षभर पोसायला आईला खर्च २ शिलिंग, विकलं तर मिळतात १० शिलिंग. त्यानं निव्वळ नफा ८ असं लिहिलं आणि वहीत मारतात तशा खाली दोन रेघा मारल्या. मग मी सांगितलं की वर्षाचं मूल श्रीमंताच्या जेवणासाठी विकायचं आहे. तो मला म्हणाला, ‘सर, मग आत्ता मी काय काढलं?’

या प्रश्नासाठी स्विफ्टनं सगळी मांडणी केली आहे. वाचकाचं डोकं ‘हो, बरोबर’ म्हणत पुढे गेलेलं असतं, आणि कशाला हो म्हटलं ते त्याला मागाहून कळतं. माणसांची अशी आकडेमोड त्याच्या मनातून आलेली नव्हती. त्याच्या आधीच्या पिढीत विल्यम पेटी या इंग्रज अर्थतज्ज्ञानं आयर्लंडची जमीन मोजली होती, माणसं मोजली होती, माणसाची किंमतही पैशात मांडली होती. तेव्हाचा शिकलेला वर्ग हीच भाषा रोज ऐकत होता.

बाकीची साधनं आजच्या कुठल्याही प्रेझेंटेशनमध्ये सापडतील. लंडनमधला कुणी जाणकार अमेरिकन साक्षीला काढला आहे, फायदे एक ते सहा आकडे टाकून दिले आहेत, आणि शेवटी माझा यात काडीचा स्वार्थ नाही असं म्हटलं आहे, कारण त्याचं धाकटं मूल ९ वर्षांचं आहे आणि बायकोला आता मूल होणार नाही.

दोन जागा मात्र पुन्हा पुन्हा वाचाव्यात अशा आहेत. पहिली, जमीनदारांबद्दलचं एक वाक्य. ही मुलं महाग पडतील म्हणून ती जमीनदारांनाच शोभतील. बहुतेक आईबापांना त्यांनी आधीच खाऊन टाकलंय, तेव्हा मुलांवर पहिला हक्क त्यांचाच. सगळ्या निबंधाचा राग या वाक्यात आहे. दुसरी जागा शेवटाकडे येते. तिथे तो म्हणतो, दुसरे उपाय मला सांगू नका. आणि नको म्हणता म्हणता ते सगळे सांगून टाकतो : परदेशी राहणाऱ्या जमीनदारांवर कर बसवा, देशातच बनलेला माल वापरा, जमीनदारांनी कुळांवर थोडी तरी दया करावी. देशी माल वापरा हे त्यानं १७२० साली सरळ शब्दांत लिहिलं होतं, तेव्हा छापणाऱ्यावर खटला झाला.

आता तुमचा प्रश्न, मत बदलतं का. त्या निबंधानं आयर्लंडमधला एकही कायदा बदलला नाही. १७४०-४१ला तिथे मोठा दुष्काळ पडला आणि माणसं मेलीच. उलट १७२४ साली त्यानंच एका कापडवाल्याच्या नावानं पत्रं लिहिली, लंडनहून लादलेली तांब्याची नाणी घेऊ नका म्हणून. लोकांनी ऐकलं आणि पुढच्या वर्षी सरकारला ती नाणी पाडायचा परवाना मागे घ्यावा लागला. तेव्हा एखादी मागणी मान्य करून घ्यायची असेल तर मी सरळ अर्ज, सह्या आणि मोर्चा यांच्यावरच भर देईन. उपहासाचं काम वेगळं आहे. ज्या वाक्याच्या आड बसून माणूस निर्धास्त असतो, ते वाक्य त्याला पुन्हा तितक्या सहज उच्चारता येऊ नये, एवढं तो करू शकतो. माझ्या मते हे थोडं नाही.

तुमच्या आईंचा संताप मला अगदी योग्य वाटतो. लेकराची किंमत लावलेली ऐकून भडकलंच पाहिजे. पण हा निबंध त्यांच्यासाठी लिहिलेला नाही. उपाशी माणसाला उपासमार समजावून सांगायला उपहास कशाला लागतो? तो पोट भरलेल्यासाठी असतो. कष्टकऱ्यांशी बोलायचं तर आपल्याकडे वेगळी वाट आहे. १९४४मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. अण्णा भाऊंच्या मुंबईवरच्या लावणीत मलबार हिलचं सुख आणि परळचा घाम शेजारी शेजारी येतात. समोर बसलेला गिरणी कामगार ते ऐकून आपली बाजू ओळखायचा. आईंना ती ऐकवा.

आणि समोर सत्ता बसलेली असेल तर काय करता येतं, ते जोतीराव फुल्यांनी १८८८ साली पुण्यात दाखवलं. राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट याच्या सन्मानार्थ मेजवानी होती. दागदागिन्यांनी मढलेल्या पाहुण्यांत जोतीराव शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि या लोकांवरून देशाची पारख करू नका, खेड्यांत जाऊन बघा, असं भाषणात सांगितलं. तिथे विनोद एकही नव्हता. नुसत्या कपड्यांनी त्या पंगतीचा खोटेपणा उघडा पडला.

प्रहसन पुन्हा लिहा. मोलकरणीची फजिती आधी काढून टाका, हे मी कळकळीनं सांगतो. सगळ्यांत मोठा हशा तिच्यावर आला असणार, आणि तो ज्या घरांतून आला त्या घरांत ती सकाळी भांडी घासायला जाते. शेटजीही नको. त्याऐवजी कमिटीची सूचना लिहा, नेहमीच्या नम्र भाषेत, ‘सर्व सभासदांच्या सोयीसाठी’ अशी सुरुवात करून. तमाशातला सोंगाड्या सरदाराच्या प्रत्येक शब्दाला होकार देत त्याला अडचणीत आणतो, तसं त्या सूचनेशी सहमत होत पुढे जा. बाग झाली, आता सावली वेगळी करा. वारा कुणाच्या मेंटेनन्समधून येतो त्याचाही हिशोब मांडा.

आणि खरा हिशोब मध्ये घाला. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींच्या पुनर्विकासात जुन्या भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचं घर द्यायचं, आणि त्याच्या बदल्यात बिल्डरला जादा एफएसआय, म्हणजे त्याच जमिनीवर जास्त बांधकाम करायचा हक्क मिळतो. तो विकूनच टॉवर उभा राहतो. मागच्या इमारतीतल्यांना फुकटात घर मिळालं असं टॉवरमध्ये अनेकांना प्रामाणिकपणे वाटतं. तुमच्या कुटुंबांनी चाळीत काढलेल्या वर्षांवर तो टॉवर उभा आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. स्विफ्टच्या जमीनदारांच्या वाक्यासारखं हे एकदाच, ओघात येऊ द्या.

सूचना वाचायला मात्र तुमच्यातला नट घेऊ नका. टॉवरमधल्याच कुणाला तरी विचारा. शिकणारी मुलं असतील तिथे, त्यांच्यातलं एखादं नक्की तयार होईल. तालमीला त्याला तुमच्या गेटनं आत घ्या.