सासऱ्यांना व्हिसा नको, पतींना मात्र हवा

प्रश्न : मी मूळची पुण्याची असून लग्नानंतर इस्तंबूलमध्ये राहते. माझे पती तुर्की नागरिक आहेत, माझा पासपोर्ट अजून भारतीयच आहे. येत्या उन्हाळ्यात आम्हा दोघांना आणि माझ्या सासऱ्यांना म्युनिकला माझ्या बहिणीकडे तीन आठवडे राहायला जायचे आहे. सासरे निवृत्त सरकारी शिक्षक आहेत. त्यांना व्हिसा लागत नाही, पण माझ्या पतींना लागतो, असे सांगितले जाते. हे खरे आहे का? आम्ही अर्ज कुठे आणि कसा करावा?
– एक वाचक, इस्तंबूल

उत्तर : ताई, तुम्हाला मिळालेली माहिती खरी आहे. तुर्कस्तानात वरच्या तीन श्रेणींतील सरकारी कर्मचाऱ्यांना हिरवा, म्हणजे ‘हुसूसी’ पासपोर्ट मिळतो आणि तो निवृत्तीनंतरही ठेवता येतो. सासऱ्यांकडे तो असेल, तर शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या, जर्मनीसह युरोपातील देशांच्या गटात) कोणत्याही १८० दिवसांपैकी ९० दिवस ते व्हिसाविना राहू शकतात. तुमच्या पतींचा पासपोर्ट मात्र सामान्य, लालसर रंगाचा असणार आणि त्यावर व्हिसा घ्यावाच लागतो.

यामागचा इतिहास तुर्की कुटुंबांच्या जिव्हाळ्याचा आहे. तुर्कस्तान आणि तेव्हाचा युरोपीय आर्थिक समुदाय (आजचा युरोपीय संघ) यांच्यातील अंकारा करार १९६३ सालचा. त्याच्या पुरवणी करारात, जो १९७३मध्ये लागू झाला, सेवा पुरवण्याच्या स्वातंत्र्यावर नवे निर्बंध घालायचे नाहीत असे कलम होते. तरीही जर्मनीने १९८०मध्ये तुर्की नागरिकांना व्हिसा सक्तीचा केला. तुर्की ट्रकचालकांच्या दाव्यात युरोपीय न्यायालयाने २००९मध्ये या कलमाचा आधार मान्य केला, तेव्हा सर्वांसाठीच दार उघडेल अशी आशा निर्माण झाली. पण २०१३मध्ये, जर्मनीत राहणाऱ्या सावत्र वडिलांना भेटू इच्छिणाऱ्या एका तरुणीच्या दाव्यात, केवळ सेवा घेण्यासाठी येणाऱ्यांना, म्हणजे पर्यटक किंवा पाहुण्यांना, हे संरक्षण नाही, असा निकाल त्याच न्यायालयाने दिला. तुर्की कामगारांना जर्मनीत आणणाऱ्या १९६१च्या करारापासून ज्या दोन देशांत नातीगोती वाढली, तिथे नातेवाइकांच्या भेटीलाच सर्वांत कमी आधार मिळावा, हे मला अन्यायाचे वाटते.

आता तुमच्या अर्जाविषयी. तुम्ही दोघे तुर्कस्तानात कायदेशीर वास्तव्य करत असल्याने अर्ज इस्तंबूलमध्येच करावा. तुमचा तिथला निवास परवाना परतीच्या तारखेनंतरही वैध असावा, हे आधी पाहून घ्या. मुख्य मुक्काम जर्मनीत असल्यामुळे अर्जही जर्मनीकडेच हवा. दुसऱ्या देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून तिकडे अर्ज करू नये. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे; किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो; आणि पासपोर्ट परतीनंतर किमान तीन महिने वैध असून गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा. बहीण तिथे कमावती असेल, तर तिच्या गावच्या परदेशी नागरिक कार्यालयात तिने औपचारिक हमीपत्र करून द्यावे, म्हणजे खर्चाचा पुरावा भक्कम होतो.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निर्णयाला साधारण पंधरा दिवस, क्वचित पंचेचाळीस दिवस लागतात. खरा वेळ जातो तो अपॉइंटमेंट मिळण्यात, म्हणून तिचा शोध आजच सुरू करावा आणि ती विकत मिळवून देणाऱ्या दलालांपासून दूर राहावे.

एक फरक ध्यानात घ्या. जुलै २०२५पासून तुर्कस्तानात राहणाऱ्या तुर्की नागरिकांना, आधीचा व्हिसा नियमानुसार वापरला असल्यास, पुढचे व्हिसा टप्प्याटप्प्याने अधिक मुदतीचे देण्याची सोय झाली आहे. भारतीयांसाठी २०२४मध्ये आलेली अशीच सवलत भारतात राहणाऱ्यांपुरती असल्याने, पतींना लांब मुदतीचा व्हिसा मिळाला तरी तुम्हालाही तेवढाच मिळेल असे समजू नका.

नकार आल्यास कारणे लेखी मिळतात. पण जर्मनीने दूतावासाकडे फेरविचार मागण्याची जुनी पद्धत १ जुलै २०२५पासून बंद केली आहे, त्यामुळे आता बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दाद मागणे किंवा नव्याने अर्ज करणे एवढेच उरते. बहुतेकांच्या बाबतीत उणीव भरून काढलेला नवा अर्जच लवकर मार्गी लागतो.