चार लाखांचा बँकरोल आणि कार्डावरचे दोन लाख दहा हजार

नाशिकच्या एका वाचकाचं पत्र आलंय. वय ३४, हातात पगार ७८ हजार, बायको आणि एक लहान मुलगी. घरी ॲपवर ब्लॅकजॅकचे पत्ते मोजायची, म्हणजे कुठले पत्ते येऊन गेले ते लक्षात ठेवून बेट ठरवायची, भरपूर प्रॅक्टिस केलीये, बँकरोल म्हणजे खेळायचं भांडवल म्हणून ४ लाख सेव्हिंग खात्यात बाजूला ठेवलेत, आणि महिन्यातून एक वीकेंड पणजीला मांडवीतल्या कॅसिनोत खेळून साइड इन्कम सुरू होईल का, असं विचारलंय. मग शेवटी जाता जाता लिहिलंय की क्रेडिट कार्डावर २ लाख १० हजार थकलेत 'पण मिनिमम ड्यू कधी चुकवत नाही', आणि मावसभावाकडून घेतलेल्या एंडोमेंट पॉलिसीला (बचत आणि विमा एकत्र) वर्षाला ९६ हजार जातात, कव्हर १२ लाख.

कॅसिनोचं उत्तर आधी देऊन टाकतो: नाही.

पत्ते मोजणं ही भोंदूगिरी नाहीये, चांगल्या नियमांच्या टेबलावर चांगला खेळणारा लावलेल्या पैशाच्या साधारण १ टक्का पुढे राहू शकतो. सरासरी ५०० ची बेट, तासाला ६० डाव, म्हणजे तासाला ३०० रुपये. वीकेंडला २० तास बसलात तर ६ हजार. पण एका ट्रिपमधला चढउतार सहज २० हजार वर किंवा खाली, म्हणजे अगदी बिनचूक खेळूनही पाचातल्या दोन ट्रिप तोट्याच्या. वर्षाचं ढोबळ गणित: जिंकलेल्या ट्रिपांचे १ लाख ३६ हजार, हरलेल्यांचे ६४ हजार, हातात ७२ हजार. आता टॅक्स, तो ७२ वर नाही, जिंकलेल्या १ लाख ३६ हजारांवर, सेस धरून ३१.२ टक्के, कारण हरलेले पैसे यात वजा होत नाहीत आणि प्रवासखर्चही नाही. गेले ४२ हजार. उरलेल्या ३० हजारांत बारा वेळा नाशिक-गोवा आणि हॉटेल बसवून दाखवा! शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवर जीएसटी ४० टक्के, तोही चिप्ससाठी भरलेल्या रकमेवर, तो मी अजून धरलेलाच नाही. पत्ते सतत पिसणारं मशीन असेल तर मोजणी तशीही बाद, आणि तुम्ही मोजताय हे लक्षात आलं तर ते तुम्हाला सरळ उठवू शकतात. ऑनलाइनचं विचाराल तर पैसे लावून खेळायचे गेम २०२५ च्या कायद्याने बंदच झालेत.

आता जे विचारलंच नाहीत ते.

कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरा, स्टेटमेंटवर तुमचा आकडा असेल तो बघा. २ लाख १० हजारांवर ७,३५० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे महिन्याला ८,७०० च्या आसपास, वर्षाला लाखाच्या वर. मिनिमम ड्यू भरल्याने फक्त लेट फी टळते, व्याज चालूच राहतं, उलट नवीन खरेदीवरही पहिल्या दिवसापासून लागतं. आणि त्याच वेळी ४ लाख सेव्हिंगमध्ये तीन टक्क्यांच्या आत पडून आहेत! त्या १ टक्क्याच्या फायद्यासाठी रात्री जागताय आणि ४० टक्क्यांच्या वर व्याज देताय, हे कसं काय सुचतं लोकांना मला खरंच कळत नाही. ४ लाखांतून आजच कार्ड पूर्ण भरा, महिन्याला ८,७०० वाचतील, टॅक्स नाही, गोव्याची बस नाही. उरलेले १ लाख ९० हजार हा तुमचा इमर्जन्सी फंड, त्याला बँकरोल म्हणायचं नाही.

पॉलिसीबद्दल मावसभाऊ वाईट वाटून घेईल, घेऊ दे. ७८ हजार पगारावर १२ लाखांचं कव्हर म्हणजे तुमच्यामागे घराला जेमतेम सव्वा वर्ष पुरेल. 'सेव्हिंग पण, इन्शुरन्स पण' म्हणून विकलेल्या या प्रकारात दोन्ही अर्धवट मिळतं, परतावा पाच-सहा टक्के निघाला तरी खूप. तुमच्या वयाला, सिगारेट नसेल तर, १ कोटीचा टर्म प्लॅन (नुसता विमा, बचत नाही) वर्षाला साधारण १२ ते १५ हजारांत बसतो. तो आधी इश्यू होऊ दे, मगच जुन्या पॉलिसीला हात लावा.

आणि ती बंद कशी करायची हे किती वर्षं प्रीमियम भरलाय त्यावर आहे, ते तुम्ही लिहिलेलं नाही. कंपनीकडून सरेंडर व्हॅल्यू (आत्ता बंद केली तर हातात येणारी रक्कम) आणि पेड-अप व्हॅल्यू (पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली तर मिळणारी रक्कम) दोन्ही लेखी मागवा, भावाच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका, आणि मला पाठवा. कार्डाचं बायकोला माहीत नसेल तर तेही सांगून टाका, टर्म प्लॅनची नॉमिनी तीच असणार आहे.