मातीची घरं बघत पायी फिरायचं मॉन्टेरे

प्रश्न : लेकीकडं कॅलिफोर्नियाला चाललोय. मॉन्टेरेत जुनी मातीची घरं चालत बघता येतात म्हणे, काय चुकवू नये? आणि पाऊस पडून ती टिकली कशी? आमचं गावाकडचं घर तर दर पावसाळ्यात ढासळतंय.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नक्की जावा! फुटपाथवर पिवळ्या खुणा बसवल्यात, त्या धरून चालायचं, साधारण दोन मैल. सुरुवात बंदराजवळच्या कस्टम हाऊसपासून करा, १८२७ च्या सुमाराचं, कॅलिफोर्निया मेक्सिकोच्या ताब्यात होतं तेव्हाचं जकात नाकं, आणि १८४६ मध्ये अमेरिकेचा झेंडा तिथंच चढला. पण खरा वेळ लार्किन हाऊसला द्या, दुमजली, वरती गॅलरी, भिंती जाडजूड. ही अडोबी म्हणजे माती, वाळू, गवत कालवून उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटा, भट्टी नाहीच. टिकली ती पुढं काढलेल्या छपरामुळं आणि चुन्याच्या हातामुळं, शिवाय तिथं आपल्यासारखा धो धो पाऊस नसतो. तुमच्या घरालाही वळचण पुढं काढा, पायाशी पाणी साचू देऊ नका आणि कृपा करून सिमेंटचा गिलावा मारू नका, ओल आत अडकते न् भिंत आतनं पोकळ होते. आतून बघायच्या वेळा मात्र जायच्या आधी लेकीला चेक करायला सांगा.