व्यावसायिक पूलला, म्हणजे बिलियर्ड्ससारख्या टेबलावरच्या खेळाला, प्रेक्षक का मिळत नाहीत?

माझ्या मते मुख्य अडचण ही की यातलं खरं कौशल्य पटकन दिसतच नाही. नाइन-बॉल या पूलच्या प्रकारात काठीने मारलेल्या पांढऱ्या बॉलचा टेबलावरच्या सगळ्यात लहान आकड्याच्या बॉलला आधी स्पर्श व्हावा लागतो. म्हणून दोन नंबरचा बॉल पॉकेटमध्ये घालतानाच चांगला खेळाडू पांढरा बॉल तीन नंबरसाठी नेमका कुठे थांबवायचा, हे ठरवून फटका मारतो. ते जमलं की पुढचा फटका सोपा दिसतो आणि नवख्याला वाटतं, यात काय विशेष! समालोचकाने पांढऱ्या बॉलचा मार्ग आधीच सांगितला तर तोच डाव एकदम रंगतो.

पैशांचंही रडगाणं आहेच. 2006 मध्ये अमेरिकेत इंटरनॅशनल पूल टूर या स्पर्धांच्या मालिकेने भलीमोठी बक्षिसं जाहीर केली, एफ्रेन रेयेससारखा दिग्गज जिंकलाही, पण पैसे वेळेवर देता आले नाहीत आणि टूर बंद पडली. अशाने प्रायोजक बिचकतात.

मॉस्कोनी कप मात्र 1994 पासून टिकून आहे. अमेरिका विरुद्ध युरोप, छोटे सामने, आणि फटक्याफटक्याला ओरडणारे प्रेक्षक. नवीन माणसाला पूल दाखवायचा तर मी हीच स्पर्धा सुचवेन.