हेमिडेस्मोसोमला 'अर्धसांधा' म्हणावं का?

प्रश्न असा आहे की अभिस्तर ऊतीवरचा (एपिथेलियमवरचा) धडा मराठीत लिहिताना डेस्मोसोमला, म्हणजे दोन पेशींना जोडणाऱ्या जोडणीला, 'सांधा' आणि हेमिडेस्मोसोमला, म्हणजे पेशीला तळाशी जोडणाऱ्या जोडणीला, 'अर्धसांधा' म्हटलं तर चालेल का. सांधा मला आवडला, ग्रीक 'डेस्मॉस' म्हणजे बंध, त्याच्याही जवळ जातो आणि 'पेशी सांधल्या जातात' असं सहज बोलता येतं. पण अर्धसांधा नको, खरंच नको.

'हेमि' (म्हणजे अर्धा) नाव पडलं ते निव्वळ दिसण्यावरून, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तो अर्धा डेस्मोसोम वाटतो म्हणून. आतली प्रोटीन्स वेगळीच आहेत. डेस्मोसोममध्ये शेजारशेजारच्या दोन पेशींची डेस्मोग्लीन आणि डेस्मोकॉलिन (ही कॅडहेरिन नावाच्या प्रोटीनच्या घराण्यातली) एकमेकांना धरतात, तर हेमिडेस्मोसोममध्ये इंटेग्रिन नावाचं प्रोटीन असतं आणि ते पेशीला खालच्या बेसमेंट मेम्ब्रेनशी (अभिस्तराखालच्या पातळ पडद्याशी) जखडतं, तिथे समोर दुसरी पेशी नसतेच. दोन्हीकडे आतून केराटिनचे धागे येऊन बांधलेले असतात हे साम्य आहे, पण तेवढंच.

आणि हा फरक नुसता पुस्तकी नाही हो. पेम्फिगस व्हल्गॅरिस या फोड येणाऱ्या आजारात शरीर स्वतःच्याच डेस्मोग्लीनविरुद्ध अँटीबॉडी बनवतं, मग पेशी एकमेकींपासून सुटतात आणि येणारे फोड ढिले, लगेच फुटणारे असतात. बुलस पेम्फिगॉइड या दुसऱ्या फोडांच्या आजारात अँटीबॉडी हेमिडेस्मोसोमवर जातात, एपिडर्मिसचा (त्वचेच्या वरच्या भागाचा) अख्खा थरच खालून सुटतो, त्यामुळे फोड टम्म राहतात, पटकन फुटत नाहीत. एवढं काम करणाऱ्या गोष्टीला 'अर्ध' लावलं की मुलांना ती अपुरी, कच्ची वाटणार. त्यापेक्षा 'तळसांधा' म्हणा, कुठे जोडतो ते तरी कळेल.

टाइट जंक्शन या पेशींमधल्या आणखी एका जोडणीला 'घट्ट सांधा' चालेल, फक्त घट्ट म्हणजे इथे मजबूत नव्हे, तर डब्याचं झाकण घट्ट बसलंय म्हणतो त्या अर्थाने, दोन पेशींच्या मधून काही झिरपू नये म्हणून. त्यातल्या क्लॉडिन प्रोटीनचं नावही लॅटिनमधल्या 'बंद करणे' वरूनच आलंय. ताण सोसायचं काम मुख्यतः डेस्मोसोमचं.

गॅप जंक्शन या जोडणीचा 'फटसांधा' मात्र करू नका, तिथे नुसती फट नसते, कनेक्सिन प्रोटीनच्या बारीक नळ्या असतात आणि त्यातून आयन, लहान रेणू या पेशीतून त्या पेशीत जातात. गॅप जंक्शन असंच ठेवा, पुढे परीक्षेत मुलांना तोच शब्द भेटणार आहे.