गल्लीतलं ड्रेनेज

सप्रेम नमस्कार,

पुणे महापालिकेच्या मलनिःसारण विभागात कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू होते आहेस. नायडू, भैरोबा ही शुद्धीकरण केंद्रं तुला दाखवतीलच. जायका या जपानी संस्थेच्या कर्जातली ११ नवी केंद्रं, ३९६ एमएलडी (दिवसाला दशलक्ष लिटर) क्षमता, हे आकडेही बैठकीत रोज कानावर पडतील. पण रोगराई रोखायचं निम्मं काम मैलापाणी केंद्रात पोचायच्या आधी गल्लीतच होतं, किंवा बिघडतं. म्हणून आज फक्त गल्लीबद्दल.

बहुतेक तक्रारी 'चोकअप'च्या असतील. ज्या चेंबरमधून पाणी रस्त्यावर येतंय तिथेच जेटिंगची, म्हणजे जोरदार दाबाने पाणी मारून लाइन मोकळी करणारी, गाडी लावायची घाई करू नकोस. उताराच्या दिशेने पुढची झाकणं उघडत जा. शेवटचं भरलेलं आणि पहिलं कोरडं चेंबर सापडलं की तुंबा त्या दोघांच्या मधे. जेटिंगचा नोझल कोरड्या चेंबरमधून वरच्या बाजूला घाल, म्हणजे सुटलेला गाळ तुझ्याकडे येतो आणि सक्शनने उचलता येतो. वरून मारलंस तर तोच गाळ पुढे सरकतो आणि पुढच्या चौकातून फोन येतो.

निघालेला माल नीट बघ. हॉटेलांच्या ओळीत तेलाचे पांढरट गोळे, सोसायट्यांखाली सॅनिटरी पॅड आणि वाइप्स, बांधकामाजवळ सिमेंटचा थर. विशेष काही न निघता तेच चेंबर पुन्हापुन्हा तुंबत असेल तर मात्र दोष उताराचा. पाइप मधेच खचलाय किंवा उलट उतार पडलाय. तिथे जेटिंगची बिलं काढत बसू नकोस, लेव्हल घे, म्हणजे पाइपाचा उतार मोजून बघ. सेकंदाला ०.६ मीटर वेग मिळाला नाही तर वाळू तळाला बसणारच. आणि फक्त पावसातच उसळत असेल तर कुणाच्या तरी गच्चीचा पाइप ड्रेनेजला जोडलेला आहे. पुण्यात हा आजार जुना आहे.

आत माणूस उतरवायचा नाही. 'दोन मिनिटांचं काम आहे, मॅडम' असं कुणीतरी म्हणेलच, ऐकू नकोस. २०१३च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय गटारात माणूस उतरवणं गुन्हा आहे. सडक्या अंड्यांचा वास थांबला म्हणजे हायड्रोजन सल्फाइड वायू गेला असं नाही. प्रमाण वाढलं की तो आधी नाकच बधिर करतो. वायुमापक दोरीने सोडून वर, मधे आणि तळाशी, तिन्ही ठिकाणी वाच. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली किंवा हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमच्या वर दिसला तर काठावर वाकूनही काम करू देऊ नकोस.

आता खरी जोखीम. २०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेडगाव, किरकटवाडी भागात जीबीएसचे (गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले तेव्हा संशय पिण्याच्या पाण्यावरच गेला, आणि काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळेला येतं. बाकीच्या वेळी जलवाहिनीत दाब नसतो, आणि सैल जोडाशेजारी मैलापाणी साचलेलं असेल तर ते आत शिरतं. म्हणून पाणी सुटल्यावर पहिल्या काही मिनिटांतच गढूळ किंवा वासाचं येतं, मग स्वच्छ होतं. 'आता तर चांगलं येतंय' म्हणून तक्रार बंद करू नकोस. ओळीतल्या शेवटच्या नळाच्या पाण्यात ओटी (क्लोरिन तपासायचं ऑर्थोटोलिडिन द्रावण) टाकून बघ. पिवळा रंग आला नाही, म्हणजे क्लोरिन लिटरला ०.२ मिलिग्रॅमही उरलेलं नाही, तर मधे कुठेतरी ते खर्च होतंय. नकाशावर जिथे जलवाहिनी ड्रेनेजला ओलांडते ते ठिकाण आधी खोद. जलवाहिनी वरून, निदान अर्धा मीटर अंतर ठेवून गेलेली असायला हवी. जुन्या पेठांत ती खालूनही गेलेली दिसेल.

खोदताना एक चूक सर्रास होते. खड्ड्यात मैलापाणी भरलेलं असतानाच व्हॉल्व्ह बंद करतात. दाब गेला की तेच पाणी पाइप ओढून घेतो. आधी पंप लावून पाणी पाइपाच्या बुडाखाली उतरव, मग व्हॉल्व्ह. जोड बदलल्यावर लाइनमध्ये क्लोरिन टाकून ठेव, टोकाचा वॉशआउट (पाणी बाहेर सोडायचा व्हॉल्व्ह) उघडून लाइन धू, आणि शेवटच्या नळावर ओटी पिवळं आल्याशिवाय पुरवठा सुरू करू नकोस. तोवर टँकर लाव, आणि त्या गल्लीत घरोघरी जाऊन पाणी उकळून प्यायला सांग.

केंद्राबद्दल पुढच्या पत्रात. कळावे.