वाचकांचे प्रश्न : भाजल्यावर हळद, अननस की स्टेम सेल?

प्रश्न : सासूबाईंच्या हातावर गरम तेल सांडलं. शेजारच्या काकूंनी लगेच हळद आणि कोरफड लावली. डॉक्टर मात्र चिडले. दोन्ही औषधीच ना? (सातारा)

उत्तर : औषधी खऱ्या, पण जखम किती खोल आहे हे तिच्या रंगावरून कळतं आणि हळदीखाली सगळंच पिवळं दिसतं. गुलाबी, ओलसर, ठणकणारी जागा दाबल्यावर पांढरी पडून लगेच पुन्हा गुलाबी झाली, तर भाजणं वरवरचं. चामड्यासारखी, दाबून रंग न बदलणारी आणि फारशी न दुखणारी जागा खोल भाजलेली. दुखत नाही म्हणून निर्धास्त राहणारेच फसतात. शिवाय स्वयंपाकघरातल्या हळदीत कुर्क्युमिन (तिचा औषधी घटक) जेमतेम ३ टक्के, तेही पाण्यात न विरघळणारं, आणि पूड निर्जंतुक नसते ती नसतेच.

आधी नळाचं वाहतं पाणी, घड्याळ लावून २० मिनिटं. उशीर झाला असला तरी तीन तासांच्या आत याचा उपयोग होतो. बर्फ नको, त्याने रक्तवाहिन्या आकसून नुकसान वाढतं. बांगड्या-अंगठ्या सूज चढायच्या आत काढा, फोड फोडू नका. कोरफड फक्त फोड न आलेल्या लालसर त्वचेवर, तीही पान उभं धरून पिवळा चीक गळून गेल्यावर. तो चीक झोंबतो. हात, चेहरा, सांधा भाजला असेल किंवा जागा रुग्णाच्या बोटांसकट तळव्याहून मोठी असेल, तर थेट रुग्णालय. सासूबाईंचा हात यातच आला.

प्रश्न : मग एकही वनस्पती कामाची नाही? अननसाने जळलेली कातडी निघते म्हणे. (पुणे)

उत्तर : निघते, पण रसाने नव्हे. अननसाच्या खोडातून काढलेल्या ब्रोमेलेनसारख्या एन्झाइम्सचं (प्रथिनं विरघळवणाऱ्या द्रव्यांचं) ‘नेक्सोब्रिड’ हे औषध युरोपात २०१२ साली आणि अमेरिकेत २०२२ साली मान्य झालं. २ ग्रॅम पावडर २० ग्रॅम जेलमध्ये कालवायची, १५ मिनिटांच्या आत लावायची आणि चार तासांनी बोथट पट्टीने खरवडून काढायची. मेलेली कातडी विरघळते, खालची जिवंत त्वचा शाबूत राहते. शस्त्रक्रियेत सुरीने कापताना थोडी जिवंत त्वचाही जातेच. जखम कोरडी पडली तर एन्झाइम काम करत नाही, म्हणून आधी ती ओली ठेवावी लागते. वेदना इतकी की भूल किंवा नस बधिर केल्याशिवाय हात लावत नाहीत. अननस किंवा पपईची ॲलर्जी असणाऱ्यांना वर्ज्य.

आपल्याकडचं उदाहरण याहून साधं. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात) निर्जंतुक केलेलं केळीचं पान ड्रेसिंग म्हणून वापरलं. पान मेणचट असल्यामुळे जखमेला चिकटत नाही आणि ड्रेसिंग बदलताना रुग्ण कळवळत नाही. अंगणातलं पान तसंच लावणं मात्र वेगळी गोष्ट.

प्रश्न : भाजल्याच्या जुन्या व्रणासाठी एक क्लिनिक स्टेम सेलच्या इंजेक्शनचे लाखभर मागतंय. घ्यावं का? (नागपूर)

उत्तर : नको. त्वचेच्या स्टेम सेल, म्हणजे नवी त्वचा तयार करणाऱ्या मूळ पेशी, बाह्यत्वचेच्या तळच्या थरात आणि केसांच्या मुळांशी असतात. वरवर भाजलेली जागा भरते ती त्यांच्यामुळेच. लाल जखमेत केसांच्या मुळांभोवती फिकट ठिपके उमटतात आणि पसरत एकमेकांना मिळतात. मुळंच जळाली तर आजूबाजूच्या कडांवरून किंवा कलम करूनच त्वचा आणावी लागते.

या पेशी प्रयोगशाळेत वाढवायची पद्धत अमेरिकेत राइनवॉल्ड आणि ग्रीन या शास्त्रज्ञांनी १९७५ साली दाखवली. त्वचेच्या टपाल तिकिटाएवढ्या तुकड्यापासून तीन-चार आठवड्यांत मोठे पापुद्रे तयार होतात. पण ते नाजूक: जंतुसंसर्ग झाला की गळून पडतात, घामाच्या ग्रंथी आणि केस तर येतच नाहीत. हे जीव वाचवायचं तंत्र आहे, व्रण पुसायचं नव्हे.

चरबीतून काढलेल्या स्टेम सेलचं इंजेक्शन अजून अभ्यासाधीन आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्तपेशींच्या प्रत्यारोपणाचे मान्य आजार सोडले तर असा वापर फक्त मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्येच (रुग्णांवरच्या चाचणीतच) करता येतो. क्लिनिककडे ट्रायलचा सीटीआरआय (अशा चाचण्यांची भारतातली नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा, आणि ट्रायलमध्ये रुग्णाकडून पैसे का, तेही विचारा.

व्रण अजून लाल आणि उंचवट्याचा असेल, तर सिलिकॉन शीट (व्रणावर चिकटवायची मऊ पट्टी) दिवसातले किमान १२ तास, मापाचं प्रेशर गारमेंट (व्रणावर दाब देणारं घट्ट वस्त्र) अंघोळीपुरतं काढून जवळपास २३ तास, असं काही महिने चालू ठेवा. पांढरा पडून सपाट झालेल्या व्रणावर शीटचा फारसा उपयोग होत नाही. तो सांध्यावर ओढत असेल तर प्लास्टिक सर्जनला दाखवा.